देवपूरच्या तीन वाट्या

धुळ्यात माझी फजिती झाली, असे माझे सहप्रवासी वसंतराव पुण्यात सांगत फिरतात. ते सोबत होते हे खरे. परंतु खरी चाचणी चालू असताना ते जेवून घोरत होते. तेव्हा झाले ते मीच लिहिणे भाग आहे.

आमची एसटी जळगावहून सकाळी निघाली. केळीच्या बागा मागे पडल्या आणि एरंडोलपासून काळ्या रानात फुटलेली कपाशी दिसू लागली. पारोळ्याजवळ गाडी पंक्चर झाली, ती खिळ्याने. माझ्या ट्रंकेच्या भाराने टायर बसला, ही वसंतरावांची भर आहे. ट्रंकेत केवळ वाट्या आणि चमचे होते.

पदार्थाची चव खाणाऱ्याला कशी जाणवते, हे मोजण्यात माझी सारी नोकरी सरली. धुळ्याच्या देवपुरातील अक्का शेजारणींना घेऊन काळा मसाला कुटून विकत. मुसळ मारून सगळ्यांचे खांदे भरून येत, अक्कांचा उजवा हात तर वर उचलत नसे. कुटण्याचे यंत्र घरात येऊन पडले होते. पण त्याला हात लावायची कोणाची छाती होत नव्हती, म्हणून त्यांनी मला बोलावले होते.

"चव बदलनी आनि धंदा बसना (बसला), ते (तर) आम्ही काय करसूत (करू), नाना?" अक्कांनी विचारले.

पहिल्या दिवशी मी यंत्रावर थोडा मसाला काढवून घेतला. हाताने कुटलेला आणि हा, अशा दोन्ही मसाल्यांची शेवभाजी करून मी पाहुण्यांना गुण द्यायला सांगितले. सर्वांनी दोन्हींना पैकीच्या पैकी दिले. यालाच वसंतराव फजिती म्हणतात. मी पाहुण्यांतल्या एका शेजारणीला गाठले.

"अक्कानी वाढेल शे (आहे), नाना. वाईट कशी म्हनू?"

"आणि भाजी जळकी निघाली असती तर?"

"मंग दोन लोटा पानी पिसू (पिईन)."

दोष पद्धतीचा नव्हता. यजमानणीसमोर अन्नाला नाव न ठेवणाऱ्या खानदेशी रीतीचा होता. दुसऱ्या दिवशी मी अक्कांनाच शेजारच्या घरी बसवले. प्रत्येकासमोर रश्श्याच्या तीन वाट्या, दोन एका मसाल्याच्या, एक दुसऱ्याची. कोणती चांगली हे विचारायचेच नाही. वेगळी कोणती, एवढेच सांगायचे. पहिल्याच बाईंनी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी कुस्करली आणि तिन्ही वाट्या तिच्यावर ओतल्या.

"बठ्ठं (सगळं) एकच लागस (लागते), नाना!"

मी भाकऱ्या उचलून ठेवल्या. चमचाभर रस्सा, घोटभर पाणी, पुन्हा चमचा, अशी चाचणी दुपारभर चालली. डोळे मिटून बोट ठेवले तरी तिघांत एकाचे उत्तर बरोबर यायचेच. आमच्याकडे तेवढीच बरोबर आली, त्याहून अधिक नाहीत.

अक्कांना बोलावून मी सांगितले, "खाणाऱ्याला फरक ओळखता येत नाही."

"खरंच नाना? का मना (माझ्या) खांदाकडे देखी सांगी ऱ्हायनात (बघून सांगताय)?"

"फरक ओळखला गेला असता, तर तेही तोंडावर सांगितले असते."

त्या उंबऱ्याशी गेल्या. मग आत पाहून ओरडल्या, "बायांहो, मुसळं माळावर टाका!" आत एकच हशा उसळला. कोणीतरी खरोखरच मुसळ आपटले. माझ्याही छातीवरचे ओझे उतरले. कारण निकाल उलटा लागता, तर तो मी दिलाच असता, आणि त्या बाया पुन्हा उखळाशी बसल्या असत्या.

निघताना अक्कांनी दोन्ही मसाल्यांच्या सारख्याच पुड्या हातात ठेवल्या. पुण्यात पत्नीने एकीची आमटी केली आणि विचारले, "हा कुटलेला की यंत्रावरचा?"

मी दोनदा वाटी मागून घेतली. चवीच्या बाबतीत "मला सांगता येत नाही" असे मी आयुष्यात क्वचितच म्हटले असेन. त्या दिवशी म्हटले, आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.