लेंड्यांची वाट

लोसरचा, नव्या वर्षाचा सण उलटून गेला तरी तळं नीट गोठलं नव्हतं. मग थंडी पडली, तळं गोठलं आणि पाठोपाठ बर्फ इतकं पडलं, की अलीकडच्या काठावरचं गवत पार गाडलं गेलं. बकऱ्या खुरांनी उकरून थकल्या, बसू लागल्या. पलीकडचा काठ वाऱ्याच्या तोंडी, तिथे बर्फ टिकत नाही. पण वळशाची वाट बुजली होती.

कुन्झेस या काठावर सून म्हणून आली तेव्हापासून ओझीच वाहत होती. तळ्यातून पाणी कुठेच बाहेर जात नाही, म्हणून ते खारट. चहापुरतंसुद्धा ओढ्यावरून पाठीवर आणायचं. नवरा नोरफेल लेहला ट्रकवर गेला, तो तिकडचाच झाला. तंबूत आता ती आणि गुडघ्यांनी बसवून ठेवलेला थोरला दीर तुंडुप. त्याला दोघंही आचो, म्हणजे दादा, म्हणत.

"आचो-ले, बकऱ्या तळ्यावरून पलीकडे नेऊ का?" तिनं विचारलं.

"मधून ने. ओढ्याच्या मुखाकडे वळलीस तर गेलीस. तिथलं पाणी खालून बर्फ कुरतडतं."

"घसरतील."

"मग टाक की पायाखाली काहीतरी. शिव्या द्यायला मी इथं बसलोच आहे."

तळ्यावरचं भुसभुशीत बर्फ वाऱ्यानं झाडून नेलं होतं, आणि खालच्या गुळगुळीत बर्फावर बकरीचे पाय फाकले की ती पुन्हा उठत नाही. कुन्झेसनं गोठ्यातल्या वाळल्या लेंड्यांची भुकटी पोत्यांतून नेऊन तळ्यावर पट्टा ओढला. दुपारी वारा सुटला आणि सगळी भुकटी उडाली. ती बर्फावर बसली. रडायचंही त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पोती भरली, पुन्हा पसरली, वर ओढ्याचं पाणी शिंपडलं. भुकटी जागच्या जागी गोठली.

सकाळी कळप निघाला. पायाखाली गोठलेलं तळं आतून गडगडत होतं. मध्यावर पुढची बकरी अडली, मागच्या तिच्यावर चढू लागल्या. कुन्झेसनं तिला खांद्यावर टाकलं आणि चालत राहिली. बाकीच्या मुकाट्यानं मागे आल्या.

दोन म्हाताऱ्या बकऱ्या पलीकडे पोहोचून मेल्या. बाकी सगळ्या जगल्या.

उन्हाळ्यात नोरफेल आला. "चल आता लेहला. आचोलाही घेऊ."

"बकऱ्या?"

"शेजारी सांभाळतील."

कुन्झेसनं होकाराची मान हलवली.

तुंडुपनं तिच्याकडे पाहिलं. "तू नाही म्हणशील असं वाटलं होतं."

"मलाही," ती म्हणाली.

गाठोडी बांधायलाच तिनं कितीतरी दिवस लावले. मध्येच थांबून ती नुसती बसून राही, आणि कोणी तिला घाई केली नाही.