कबूल म्हण आणि मोकळी हो

वकिलीची सनद घेऊन मी आमच्या तालुक्याच्या कोर्टात आले, त्याच दिवशी तात्यांनी मला एक नियम सांगितला. जीव द्यायला निघालेलं माणूस वाचलं, तर त्याच्यावर कलम तीनशे नऊखाली खटला होतो. अशी केस आली की आरोपीला 'का' म्हणून विचारायचं नाही. "कबूल म्हण आणि मोकळा हो," एवढंच सांगायचं. कायद्यात कैद एक वर्षापर्यंत आहे, पण मॅजिस्ट्रेट 'कोर्ट उठेपर्यंत कैद' अशी शिक्षा देतात. माणूस दिवसभर मागच्या बाकावर बसतं आणि कोर्टाचं काम संपलं की घरी जातं.

"आणि पोरी, यावर प्रश्न नाहीत," तात्या म्हणाले. "माझ्या सीनियरनी मला हेच सांगितलं. मीसुद्धा विचारलं नाही."

तात्या आमच्या बाररूममधले, म्हणजे वकिलांच्या खोलीतले, सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांच्याखालोखाल शेखसाहेब, जव्हारच्या जुन्या व्यापारी घराण्यातले. आणि सगळ्यांत शेवटी मी, अख्ख्या खोलीत एकटी बाई! केस पुकारेपर्यंत कुणालाच काम नसतं. मग एकाच्या किश्श्याला दुसरा आपला किस्सा जोडतो आणि बघता बघता ढीग होतो. त्यात तीनशे नऊचे किस्से सगळ्यांत जास्त हसून सांगितले जातात. मला त्यातल्या एकाही किश्श्यावर दुसऱ्यांदा हसता आलं नाही.

*

मोखाड्याकडचा एक म्हातारा. बायको गेली, मुलगा मजुरीला भिवंडीला गेला तो परतला नाही. म्हातारा वाचला आणि कोर्टात आला.

मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"कोंचा?"

"जीव द्यायचा प्रयत्न केलास, तो."

"तो तर फसला ना, सायेब!"

सगळं कोर्ट हसलं. बाररूममध्ये हा किस्सा नेहमी इथेच संपतो. पण त्या दिवशी मी कोर्टात होते. म्हातारा हसला नव्हता. त्याने हात जोडून विचारलं, "मेलो असतो तं या बाकावर कोनाला बसवला असता?"

मॅजिस्ट्रेट माणूस चांगला. त्यांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढून पुसला, परत घातला आणि म्हणाले, "पुढची केस घ्या."

*

'कोर्ट उठेपर्यंत' ही शिक्षा कागदावर सगळ्यांना सारखी. प्रत्यक्षात ती त्या दिवशीच्या कामावर!

एकदा मॅजिस्ट्रेटना ठाण्याला मीटिंग होती. कोर्ट जेवणाच्या सुट्टीआधीच उठलं. बाकावर बसलेला इसम विडी ओढत घरी गेला. पुढच्याच तारखेला जमिनीच्या भांडणातल्या मारामारीची केस निघाली. साक्षीदार संपेनात. शिरपामाळच्या बाजूची एक बाई बाकावर बसली होती, ती दिवेलागणीपर्यंत बसून राहिली. तिच्या गावाकडची शेवटची एस.टी. केव्हाच गेलेली. मागच्या तारखेच्या माणसाची गोष्ट तिच्या कानावर आली होती.

तिने शेखसाहेबांना विचारलं, "वकीलसायेब, माझा गुना त्याच्याहून मोठा होता का?"

"नाही बेटी. तुझी तारीख वाईट होती," शेखसाहेब म्हणाले आणि तिला स्वतःच्या घरी जेवायला घेऊन गेले.

आमच्या ज्येष्ठांचं हे असं आहे. माणसं वाईट असती तर भांडायला किती सोपं गेलं असतं!

*

हा किस्सा आमच्या फौजदारांचा. ते बाररूममध्ये चहाला आले की हमखास सांगायचे.

डोंगरातल्या एका पाड्यावरून एकाने बायकोला डोलीत घालून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय झालंय?" नवरा म्हणाला, "डोकं दुखतंय." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला, "डोकंच दुखतंय." खरं सांगितलं तर पोलीस येतील, बायको वाचली तर तिला आत टाकतील, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं. डॉक्टरांना शंका आली, त्यांनी खोदून खोदून विचारलं. शेवटी रडत रडत तो खरं बोलला, तेव्हा फार उशीर झाला होता.

"म्हणजे बघा," फौजदार म्हणाले, "आमची एक तीनशे नऊ वाचली!"

खोलीत कुणीतरी हसलं. मी कप आपटून बाहेर गेले. मागून तात्यांचा आवाज आला, "नवी आहे. होईल सवय."

*

तीनशे नऊच्या केसेस आमच्याकडे बाजाराच्या दिवशीच लागतात. ही सोय तात्यांनी करून घेतलेली. तारीख आणि बाजार एकाच दिवशी, म्हणजे गरिबाचा आणखी एक दिवस मोडत नाही. तात्यांना या गोष्टीचा फार अभिमान.

एकदा मी म्हटलं, "तात्या, तो बाक खिडकीशी आहे."

"मग?"

"खिडकीबाहेरून बाजाराची वाट जाते. डोक्यावर पाट्या घेऊन अख्खं गाव तिथून जातं. बाकावर कोण बसलंय ते सगळ्यांना दिसतं. पोरं तर गजांना लटकून बघतात!"

तात्या खरंच चमकले. हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग म्हणाले, "इतकी वर्षं झाली, कुणी तक्रार केली नाही."

"तुम्ही कुणाला विचारलंत?"

"चहा सांग," तात्या म्हणाले.

*

मग दिल्लीत राज्यसभेत हे कलम काढून टाकायचं विधेयक आलं. आमच्याकडे पेपर दुपारच्या एस.टी.ने येतो. त्या दिवशी पेपर आला आणि बाररूमची राज्यसभा झाली. तात्या सभापती, शेखसाहेब सरकार, विरोधी पक्ष अर्थात मी.

सभापतीच सगळ्यांत आधी बोलले. "धाक गेला तर लोक ऊठसूट जीव देतील. कायदा हा कुंपणासारखा असतो."

"मरायला निघालेला माणूस एक वर्षाच्या कैदेला भिईल?" मी म्हटलं. "भीती त्याला वाटत नाही, तात्या. त्याला दवाखान्यात नेणाऱ्याला वाटते!"

सरकार म्हणालं, "मजहबसुद्धा सांगतो, जीव आपला नाही."

"चाचा, मजहब रडणाऱ्याला जवळ घ्यायलाही सांगतो. आपण त्याला बाकावर बसवतो."

सरकार दाढी कुरवाळू लागलं. सभापतींनी बशीवर चमचा वाजवला. "सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं!"

खाली कुठे बसणार? खोलीत माझ्यासाठी खुर्चीच नव्हती. मी नेहमी उभीच असायचे.

*

आणि ही चंद्रा. साखरशेतची. मॅट्रिक झालेली. ठाण्याला नर्सच्या ट्रेनिंगसाठी तिची निवड झालेली आणि त्याच महिन्यात तिच्यावर तीनशे नऊची केस. गुन्हा शाबीत झाला तर ट्रेनिंगच्या यादीतून नाव जाणार, हे तिला ट्रेनिंगच्या ऑफिसात तोंडावर सांगितलं होतं.

तिला माझ्याकडे तात्यांनीच पाठवलं. "बाईची केस आहे, तू बघ. कबुली दे, संध्याकाळपर्यंत मोकळी."

मी नियम मोडला. तिला विचारलं. ती काय म्हणाली ते मी इथे सांगणार नाही, ते तिचं आहे. पण बराच वेळ बोलून झाल्यावर ती म्हणाली, "बाई, माना हे आजवर कोनी इचारलाच नाय. पोलिसानं इचारला, पन तो लिवत होता."

मग तिने मला विचारलं, "कबूल केला तं माना ठाण्याला धाडतील का?"

"नाही."

"आन नाय केला तं?"

मी खोटं बोलले नाही. म्हटलं, "खटला चालेल. डॉक्टर येतील, फौजदार येतील, तुझ्या घरचं सगळं कोर्टात निघेल. शेवटी शिक्षा होऊही शकते."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मंग नाय करायचा कबूल."

तारीख अर्थात बाजाराच्या दिवशी. आणि नेमके त्याच दिवशी आमच्या बाजूचे एक खासदार बाररूममध्ये आले. विधेयकावर आपल्याला बोलायचंय, इथल्या वकिलांचं मत हवंय, म्हणाले. तात्यांनी कोट इस्त्री करून आणला होता. टेबलावर भजी आली. खासदारांसाठी खुर्ची तर आलीच, पण त्या दिवशी माझ्यासाठीही एक आली!

खासदारांनी सरळ विचारलं, "या कलमाचा तुमच्याकडच्या गरीब लोकांना त्रास होतो का?"

"मुळीच नाही," तात्या म्हणाले. "आम्ही फी घेत नाही. लोक कबूल करतात, मॅजिस्ट्रेट समजून घेतात. एकही केस लढवली गेली नाही आजवर. म्हणजे बघा!"

शेखसाहेबांनी मान डोलावली, पण माझ्याकडे बघायचं टाळलं.

खासदारांनी डायरीत लिहून घेतलं. "म्हणजे लोकांची तक्रार नाही."

"बिलकुल नाही. आजच एक केस आहे, तुम्ही स्वतः बघा ना. आमच्या या मुलीकडेच आहे." तात्या माझ्याकडे वळले. अगदी मायेने म्हणाले, "जा पोरी, पटकन कबुली देऊन ये. साहेबांना कळेल, किती साधं असतं."

व्हरांड्यातून शिपायाने पुकारलं, "चंद्रा भोये हाजिर होऽऽ!"

मी उठले. "तात्या, ती कबूल करणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे केस चालेल."

"अगं, वेडी आहेस का तू? घराची लाज चव्हाट्यावर येईल तिच्या! कबुली म्हणजे पांघरूण असतं."

"कुणावर, तात्या?"

शेखसाहेब हळूच म्हणाले, "बेटी, आज नको. पाहुणे आहेत. पुढची तारीख घेऊ."

"नाही, चाचा. ती पायी आलीय. आजच." मी खासदारांकडे वळले. "साहेब, इथले सगळे कबूल करतात, असं तुम्ही आत्ता लिहून घेतलंत. ते खोडा."

खासदारांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी शेखसाहेबांकडे पाहिलं. भजी निवत होती.

शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं. मी व्हरांड्यात आले, तिथे थांबलेल्या चंद्राचा हात धरला आणि आम्ही कोर्टात गेलो.