दोघांचं भरीत

बायांनो, आज संध्याकाळी पुण्याहून नातसुनेचा व्हिडिओ कॉल आला. "आजी, नीलेशचा वाढदिवस आहे. भारी दिसेल पण सोपं असेल, असं काही सांगा ना."

म्हटलं, "भरीत कर. वांगं भाजता येतं, का तेही ऑनलाइन मागवतेस?"

नुसतं सांगून तिला कळेना. मग मीही इथे वरणगावात चूल पेटवली. कपाशीच्या काड्यांवर वांगं भाजलं, मिरच्या-लसूण ठेचला, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालून फोडणी दिली. ती बघून बघून करत होती. मग तिने दोन ताटं शेजारी मांडली, मेणबत्ती लावली. मी विचारलं, "लाइट गेली का गं?" तर हसायला लागली.

तेवढ्यात बेल वाजली. "नीलेश आला! ठेवते हं आजी."

फोन बंद झाला. माझ्यापुढे बठ्ठं, अख्खं भरीत तसंच.

आमचे हे जाऊन चार वर्षं झाली. होते तेव्हा आधी ते जेवायचे, मागून मी. शेजारी बसून एकदाही जेवलो नाही. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आज वाटलं.

आपल्याकडचं भरताचं वांगं एकट्या माणसाला संपत नाही. तुमच्यात कोणी एकटं राहत असेल तर सांगा, अर्धं वांगं भाजता येतं का?