पायाशी बसणारी बाई

भूतखेत, करणी, बाहेरचं... असल्या गोष्टी निघाल्या की स्टाफरूममधून उठून जाणारी मी. पेशाने नर्स, त्यातून तोंडाची फटकळ. आजही कुणी पटवायला आलं तर भांडेन. तरी हे लिहितेय, कारण पोटात ठेवून ठेवून कडू झालंय.

२००९, स्वाइन फ्लूचं साल. मी भिवंडीतल्या एका छोट्या खासगी हॉस्पिटलात होते. पावसाळ्यात पहिला फेरा आला तेव्हा पेशंट बहुतेक शाळकरी पोरं — ताप असा की हात लावला तर चटका बसावा. तापात पोरं बरळतात, त्यात नवल नाही. पण कोपऱ्यातल्या खाटेवरचं प्रत्येक पोर एकच बरळायचं. एका पॉवरलूम कामगाराची मुलगी म्हणाली, "सिस्टर, पैरों के पास आंटी बैठी है. हाथ गीले हैं उसके... अच्छा लगता है." त्या खाटेवरची सगळी पोरं बरी होऊन घरी गेली. वॉर्डातल्या मावश्यांनी लगेच त्या बाईची देवी करून टाकली! मी हसले. ताप डोक्यात गेला की दिसतं काहीबाही.

थंडीत दुसरा फेरा आला आणि आजाराचं रूपच पालटलं. आता धडधाकट तरुण माणसं यायची. ताप बेताचा, कधी कधी नाहीच. पण छाती बघता बघता भरायची. आमचे डॉक्टर मात्र थर्मामीटरलाच चिकटून. ताप नाही ना? मग काळजी नाही.

त्यातच माझा धाकटा भाऊ महेश ॲडमिट झाला. जवळच्याच वडपे गावातल्या गोडाऊनवर टेम्पो चालवायचा. आमच्या वॉर्डातली कुजबुज त्याच्या कानावर जायचं कारण नव्हतं. खाट मिळाली ती नेमकी कोपऱ्यातली. शुक्रवारची दुपार, सुट्टीमुळे लूम बंद, गल्ली शांत. अंगात ताप नाही, बोलणं अगदी शुद्धीतलं. आई बाजूला बसलेली. मला म्हणाला, "ताई, ही पायाशी बसलेली बाई कोन हाय? तिला सांग ना, हात काढ. वल्ले हात... थंडी वाजते मला."

पायाशी कुणीच नव्हतं. मी त्याचे पाय चाचपले. सकाळी मीच घातलेले लोकरी मोजे ओलेचिंब होते.

मला त्याची धाप दिसत होती. डॉक्टरांना म्हटलं, ठाण्याला हलवू या. ते म्हणाले, "सिस्टर, ताप नाही. घाबरताय कशाला?" आणि महेशचं बोलणं ऐकून एका मावशीने तोवर आईला त्या बाईचं कौतुक ऐकवलेलं. आई खाटेचा दांडा धरून उभी राहिली. "न्हाय न्यायचा त्याला. ती आलीय ना? मंग माजा पोर बरा व्हनार." मी भांडले, रडले... अँब्युलन्स निघाली तेव्हा संध्याकाळ झाली होती. ठाण्याच्या वाटेवर, कशेळीच्या पुलावर महेश गेला.

मोजे कशाने भिजले, मला आजही माहीत नाही. छत कोरडं, आसपास पाणी नाही. घाम म्हणावा तर बाकी अंग कोरडं. तापातला भास म्हणावा तर ताप कुठे होता? कधी वाटतं — आणि असं वाटल्याचाच राग येतो — ती कोण असेल ती, आमच्या डॉक्टरांसारखीच मागच्या फेऱ्यातला, ताप उतरवायचा उपचार करत बसली होती. आजार बदललाय हे तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

आई अजून म्हणते, "ती पायाशी व्हती, म्हनून माज्या पोराला तरास झाला न्हाय."

तिच्यासमोर मी गप्प बसते. इथे लिहिते. त्रास झाला. खूप झाला. मी होते तिथे.