दुसरी सही

सर्व लहानथोरांना, आयाबहिणींना आणि गटारीतल्या समस्त आळ्यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, आमच्या गल्लीतली तुंबलेली गटार एका वर्षात सात वेळा साफ झाली. दप्तरी नोंद आहे. काम समाधानकारक झाल्याची तक्रारदाराची सही आहे. सातही वेळा. सही माझी आहे.

गटार एकदाही साफ झाली नाही.

गावाचं नाव सांगत नाही. एकोणीसशे नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या एस.टी.त डोळे मिटून बसलात, तरी आमचं गाव आल्याचं नाकानं सांगितलं असतं.

पहिल्यांदा नगरपालिकेत गेलो, तेव्हा कारकुनाच्या टेबलासमोर एक खुर्ची रिकामी होती. मी बसायला वाकलो. त्यानं टेबलाखालून पाय घालून खुर्ची आत ओढली. मी अर्धा वाकलेला, तसाच राहिलो. मागच्या बाकावरचे चौघं हसले.

"उभ्यानंच सांग," तो म्हणाला. "खुर्चीला वास राहतो."

मी बारामतीच्या मार्केट यार्डात मापाडी होतो. अंगात इस्त्रीचा शर्ट होता. पण त्याला माझ्यात माझा बाप दिसत होता, मेंढरांमागं हिंडलेला. आमची गल्लीच तशी. कळप विकून गावात राहायला आलेल्यांची.

मी सांगितलं. गटार तुंबलीय. गल्लीचा नळ तिच्यातच उभा आहे. काळं पाणी, त्यावर दुधावर धरावी तशी साय, आणि सायीत वळवळ. बायका घोटाभर त्यात उभ्या राहून हंडे भरतात.

त्यानं नाकाला रुमाल लावला. "लेंड्यांत झोपणारी माणसं तुमी. तुमाला कधीपासनं घाण वाटायला लागली?"

बाकावर पुन्हा हशा. आणि मी? मीही हसलो. ते हसू अजून तोंडात येतं आणि थुंकावंसं वाटतं.

मग त्यानं रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. पानावर तळहात आडवा ठेवला आणि बोट टेकवलं. "हितं कर. आन् हितं." मी दोन सह्या केल्या आणि निघालो. पुढं सहा वेळा हेच. तळहात ठेवायचीही गरज नव्हती, मी वाचतच नव्हतो. यार्डात काटा थांबल्याशिवाय पावतीवर सही न करणारा मी. इथं फक्त लवकर बाहेर पडायची घाई.

मग धाकट्या मुलीला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. डॉक्टरांनी एकच विचारलं, "पाणी कुठलं पिता?" नळाचा पाइप गटारीखाली फुटला होता. आम्ही तेच पीत होतो.

तडक नगरपालिकेत गेलो. कारकून चहाला गेलेला. रजिस्टर उघडं. आयुष्यात पहिल्यांदा ते वाचलं. पहिली सही, तक्रार दिल्याची. त्याच ओळीच्या शेवटी छापलेलं, 'काम झाले, समाधान झाले', आणि तिथं दुसरी सही. माझी. खाली शेजारच्या सखूआत्याचा अंगठा, दोनदा. सगळ्या गल्लीचे अंगठे, जोडीजोडीनं. आम्ही तक्रार मांडत होतो आणि त्याच दमात मिटवून घरी येत होतो.

तो आल्यावर विचारलं. लाजला नाही. "रीतच हाय इथली. वर तक्रार शिल्लक दिसून चालत न्हाय."

घरी वडिलांना सांगितलं. आबा म्हणाले, "मेंढरू कातरायच्या आदी लोकर पोत्यात भरली म्हणून कोन सांगतं रं? आन् तू तर शिकल्याला."

कारकुनाच्या टोमण्यांनी जागा झालो नव्हतो, तो ह्या वाक्यानं झालो.

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली नेली. रिकामी खुर्ची हातानं बाहेर ओढली आणि बसलो. आधी बसलो, मग बोललो. पहिली सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

"दुसरी?" कारकुनानं विचारलं.

"गटार उपसल्यावर. पोरगी दवाखान्यात हाय. तोवर रोज येनार. रोज एक तक्रार, रोज एकच सही."

सखूआत्या पुढं झाली. शाईत अंगठा बुडवला, एक ठसा उठवला आणि हात पदरात घेतला.

"आत्या, हितं बी."

"न्हाय."

"अगं, रीत हाय."

"तुजी आसंल."

एकामागून एक बाया, बाप्ये. पानाची डावी बाजू ठशांनी काळी, उजवी कोरी. बाकावरचे चौघं कधी उठून गेले, कळलंही नाही. त्या कोऱ्या बाजूकडं बघत मी ठरवलं, ते आजतागायत मोडलेलं नाही. काम डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझं नाव कुणाच्या कागदावर उतरणार नाही. आणि माझ्या अपमानावर मी कधी हसणार नाही.

गर्दी बघून मोठे साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले. त्यांनी रजिस्टर उचललं. "इकडच्या सह्या का राहिल्यात?"

कारकुनाला घाम फुटला होता. भरल्या कचेरीत तो बोलून गेला, "साहेब, ही मानसं दुसरी सही देईनात. आता गटार उपसावीच लागंल की."