सव्वा ग्रॅमचा फरक

अख्ख्या नाशिक जिल्ह्यात शिकारीचा इतका सखोल अभ्यास केलेला आणि तरीही जनावरांना इतका निरुपद्रवी असलेला दुसरा माणूस सापडणार नाही, असं मी आमच्या मामेसासऱ्यांबद्दल छातीठोकपणे सांगू शकतो. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. हरणाच्या शिकारीला नेमकं कोणतं काडतूस घ्यावं, या प्रश्नाचा ते गेली चाळीस वर्षं सर्व बाजूंनी विचार करत होते. त्यांच्याकडे रायफल नाही. आपल्या देशात शिकारीला बंदी येऊन माझ्या वयाइतकी वर्षं झाली. स्वतः मामा शुद्ध शाकाहारी. घरातला उंदीर पिंजऱ्यात सापडला, तर त्याला स्कूटरवरून गंगापूर धरणाच्या बाजूला नेऊन सोडतात आणि सोडण्याआधी आसपास मांजर नाही ना, याची खात्री करून घेतात. पण उद्या समजा कायदा बदलला आणि दारात सांबर येऊन उभं राहिलं, तर ऐनवेळी घोटाळा नको, काडतूस आधीच ठरलेलं बरं, एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

हा विचार त्यांनी कसा केला असेल, हे समजायला मामांची नोकरी माहीत हवी. सातपूरच्या एका कारखान्यात ते टूलरूमला होते. जिथे इंचाच्या हजाराव्या भागावरून माणसं एकमेकांशी आठवडाभर बोलत नाहीत, अशा जागी त्यांनी पस्तीस वर्षं काढली. त्यामुळे घरी चहात साखर किती, याबद्दलही ते ‘अंदाजे’ हा शब्द वापरत नाहीत. अशा माणसापुढे नशिबाने तीन काडतुसं आणून ठेवली: टू-सेव्हंटी, सेव्हन एमएम आणि थ्री-झिरो-एट. तुमच्या-माझ्या दृष्टीने तिन्ही सारखीच. पितळी नळकांडं, पुढे टोकदार गोळी. पण पहिल्या आणि दुसऱ्या गोळीच्या जाडीत सात हजारांश इंचाचा फरक आहे. म्हणजे दोन केस शेजारी ठेवले तर होईल तेवढा. मामांच्या मते या दोन केसांमधून हत्ती जाऊ शकतो. एक काडतूस सरळ जातं, दुसरं खांद्याला कमी धक्का देतं, तिसरं जास्त वजन घेऊन जातं. आणि एकाचा गुण दुसऱ्यात थोडा कमी, पण अगदीच नाही असं नाही. या ‘पण’पाशी येऊन मामा दर वेळी थांबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे.

माझी आणि मामांची पहिली भेट लग्नानंतरच्या जेवणाला झाली. मी नवा जावई, नवा कुर्ता, समोर चांदीचं ताट. मामा शेजारी येऊन बसले, माझ्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं आणि म्हणाले, “जावईबापू, दीडशे यार्डांवर सांबर आडवं उभं आहे. काय घ्याल?” नेमक्या त्याच वेळी मामी श्रीखंडाचं पातेलं घेऊन समोर उभ्या होत्या. मी नम्रपणे म्हटलं, “थोडंसंच.” या उत्तराने मामा इतके खूश झाले, की पुढे कित्येक महिने ते पाहुण्यांना सांगत होते, आमचे जावई हलक्या गोळीच्या बाजूचे आहेत. मी तो गैरसमज तसाच राहू दिला. सासरच्या मंडळींत आपलं कुठल्यातरी विषयात मत आहे, असं समजलं जाणं तेव्हा मला गरजेचं वाटलं होतं.

मामींनी मात्र या विषयापायी फार सोसलं. एका उन्हाळ्यात त्यांनी शेजारणींना बोलावून उडदाच्या पापडाचा घाट घातला होता. मामांनी सोनाराकडे असतो तसला छोटा काटा आणला आणि पिठाच्या तीन लाट्या तोलून केल्या. एकशेतीस ग्रेन, एकशेचाळीस ग्रेन आणि दीडशे ग्रेन; बंदुकीच्या गोळीचं वजन याच मापात मोजतात. मग ओळीने बसलेल्या बायकांच्या तळहातांवर त्या ठेवत निघाले. “डोळे मिटा आणि सांगा, जड कोणती?” बायकांनी बिचाऱ्यांनी डोळे मिटले. एकीने उगाचच मधली सांगितली. मामा कळवळून म्हणाले, “अहो वहिनी, पहिल्या-तिसऱ्यात सव्वा ग्रॅमचा फरक आहे! सव्वा ग्रॅम! जनावराला तो कळतो!” त्यावर मामी पोळपाटावरून वर न बघता म्हणाल्या, “जनावराला कळत असेल हो. इथे सगळी माणसं बसलीत.” त्या वर्षीचे पापड तीन मापांचे झाले आणि मामा जेवताना प्रत्येक पापड हातात घेऊन तो कोणत्या बोअरचा, म्हणजे नळीच्या कोणत्या मापाचा, ते सांगत.

धक्क्याचा अभ्यास माझ्या खांद्यावर झाला. एका रविवारी मामांनी मला भिंतीला टेकवून उभं केलं, छत्रीचा दांडा माझ्या खांद्याच्या खोबणीत ठेवला आणि त्यावर तळहाताने तीन वेगवेगळ्या जोरांचे ठोसे दिले. प्रत्येक ठोशाआधी त्या काडतुसाचं नाव सांगितलं. तिसऱ्या ठोशाला मी ओरडलो, तेव्हा त्यांनी समाधानाने वहीत काहीतरी लिहून घेतलं. तेव्हाच मी त्यांना विचारलं होतं, “मामा, एवढं कशासाठी? तिन्हींनी हरिण मरतंच ना?” मामांचा चेहरा एकदम बदलला. ते म्हणाले, “मरतं, हे महत्त्वाचं नाही. कळायच्या आत मरायला पाहिजे. नाहीतर आपण कोण त्याला हात लावणारे?” आणि छत्री खुंटीला अडकवून आत निघून गेले.

या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी एक परवाना होता. मामांचे वडील इगतपुरीला रेल्वेत गार्ड होते आणि शिकारबंदीच्या आधीच्या काळात घाटातले नावाजलेले शिकारी. ते गेल्यावर त्यांची टू-सेव्हंटी रायफल आणि परवाना मामांच्या नावावर झाला. इगतपुरीच्या पावसाळ्यांनी रायफलीची नळी आतून खाऊन टाकली होती, म्हणून मामांनी ती रीतसर मोडीत जमा केली आणि नवी घ्यायची परवानगी काढली. परवानगीच्या कागदावर एक रकाना रिकामा होता: बोअर. तो भरला की नवी रायफल. मामांनी तो चाळीस वर्षं भरला नाही. दर मुदतीला ते अर्ज करत, ‘विचाराधीन आहे, मुदतवाढ मिळावी’, आणि कचेरीतली भली माणसं ती देत गेली. हे कोणत्या नियमात बसत होतं, ते मला विचारू नका. वडिलांची म्हणून मामांकडे तेवढीच एक वस्तू राहिली होती. परवान्याचं ते छोटं पुस्तक ते देवघराच्या खणात ठेवत आणि दसऱ्याला शस्त्र म्हणून त्याचीच पूजा करत. झेंडूचं फूल, हळदीकुंकू आणि वर एक आपट्याचं पान.

निवडणूक लागली की परवानाधारकांनी आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायची असतात. मामांकडे हत्यार नाही, पण परवाना आहे. मग कर्तव्य चुकवणार कसं? ते इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्यात हजर व्हायचे. एकदा मी बरोबर होतो. रांगेत सगळे खांद्याला बंदुका लावून उभे आणि मध्ये मामा, हातात कापडी पिशवी. हवालदार निफाडकडचा होता. त्याने पिशवीत डोकावून पाहिलं.

“काका, हत्यार कुठंय?”

“नाही.”

“घरी राह्यलं का?”

“नाही, मुळातच नाही. तसं लिहून द्या.”

“आवो, जे नायच हे, ते मी जमा कसं करून घेऊ?”

“हेच लिहा,” मामा शांतपणे म्हणाले, “आणि खाली सही करा.” शेवटी त्याने लिहून दिलं. निकालानंतर मामा ती पावती दाखवून आपलं नसलेलं हत्यार परत घ्यायलाही गेले होते.

यंदाच्या जानेवारीत मात्र कचेरीतून पत्र आलं. रकाना भरा, नाहीतर परवाना जमा करा. यापुढे मुदतवाढ नाही. मामींचा मला फोन आला. “जावईबापू, तुम्ही जा हो बरोबर. चार दिवस नीट जेवले नाहीयेत.” मी रजा टाकली आणि त्यांना घेऊन गेलो. टेबलामागे बसलेली मुलगी माझ्या पुतणीच्या वयाची असेल. तिने अर्ज पाहिला आणि हसू आवरत म्हणाली, “काका, इथे कडेला तुम्ही तिन्ही नावं लिहिलीत, रकाना रिकामाच आहे. एकच लिहायचं असतं. कुठलंही लिहा, मी आत्ता शिक्का मारते.” मामांनी पेन उघडलं. रकान्यावर धरलं. मग टोपण लावून म्हणाले, “दहा मिनिटांत येतो.”

आम्ही बाहेर चहाच्या टपरीवर उभे राहिलो. मी आपला नेहमीच्या थट्टेत म्हणालो, “मामा, चिठ्ठ्या टाकू का?” ते हसले नाहीत. चहा हातात तसाच धरून त्यांनी मला जे सांगितलं, ते मामींनाही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

मामा अठरा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना पहिल्यांदा रायफल हातात दिली. पहाटे घाटाच्या उतारावर सांबर दिसलं. मादी होती. मामांनी गोळी झाडली. सांबर पडलं, उठलं आणि मागचा पाय ओढत जाळीत शिरलं. बापलेक दुपारपर्यंत रक्ताचा माग काढत फिरले. सापडलं नाही. मामा एका दगडावर बसून रडायला लागले, तेव्हा वडील, जे कधी कुणाशी मऊ बोलले नव्हते, जवळ येऊन म्हणाले, “तुझा नेम बरोबर होता रे. ही टू-सेव्हंटीच हलकी पडली. मोठी गोळी असती तर जागेवर बसलं असतं.” पुढे बरोबरच्या लोकांनाही त्यांनी तेच सांगितलं. त्या दिवसापासून मामांनी मांस सोडलं.

“मग त्या रकान्यात थ्री-झिरो-एट लिहून टाका ना,” मी म्हणालो. “वडील म्हणाले तसं.”

“तेच लिहिता येत नाही,” मामा म्हणाले. “सगळी मापं काढली मी. मोठ्या गोळीने फरक पडत नाही हो. पण टू-सेव्हंटी लिहिली, तर ती पुरेशी होती असं माझ्याच सहीने होतं. मग ते सांबर पाय ओढत गेलं, ते कशानं?”

वीस वर्षं मी या माणसाची लग्नकार्यांत नक्कल करून टाळ्या घेतल्या होत्या. तीन काडतुसांत एक निवडता येत नाही, म्हणून आम्ही हसत होतो. आणि टूलरूमचा हा माणूस, मापात खोटं लिहिता येत नाही आणि खरं लिहवत नाही, म्हणून चाळीस वर्षं तो रकाना रिकामा ठेवत आला होता. मला माझीच लाज वाटली. मामांनी थंड झालेला चहा पिऊन टाकला, आत गेले आणि रकाना तसाच सोडून त्याखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘परवाना स्वखुशीने जमा करीत आहे.’ त्या मुलीने पुस्तक ओढून घेतलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि पोच दिली. मामांनी ती घडी न घालता घरापर्यंत हातात धरून आणली.

त्यानंतर मामा सुधारले. म्हणजे चारचौघांसारखे झाले. कांद्याचा भाव, सिन्नर फाट्यावरची वाहतूक, कुणाच्या मुलाचं पॅकेज, अशा विषयांवर ते हो ला हो म्हणू लागले. काट्यावर धूळ बसली. महिन्याभराने मी गेलो, तर मामी मला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, “तुम्ही तरी त्यांना त्या गोळ्यांचं काहीतरी विचारा ना. घर नुसतं खायला उठतं हो.” ज्या बाईने चाळीस वर्षं या विषयावर हात जोडले, तिचे डोळे भरून आले होते.

मामा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मी शेजारी बसलो आणि म्हटलं, “मामा, समजा दीडशे यार्डांवर...”

“राहू द्या, जावईबापू,” ते मध्येच म्हणाले. “गोळीचं काही नव्हतं. हात हलला माझा. बाबांना तेव्हाच दिसलं असणार.”

खाली रस्त्यावरून एक भाजीवाला ओरडत गेला. मला शिकारीतलं ओ की ठो कळत नाही. बंदूक मी बँकेच्या पहारेकऱ्याच्या हातात आणि त्या ठाण्याच्या रांगेत पाहिली, तेवढीच. पण त्या उतारावर, त्या दगडापाशी कुणीतरी पुन्हा जाऊन उभं राहायला हवं होतं, आणि बाकी कुणी उरलं नव्हतं.

“मामा,” मी म्हणालो, “वारा असेल.”

हळूहळू त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“वारा?”

“घाट आहे. पहाटेची वेळ. वारा असणारच.”

मामांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर काहीतरी मोजू लागला.

“कुठून पण?” त्यांनी विचारलं. “डावीकडून की उजवीकडून?”

“डावीकडून,” मी छातीठोकपणे सांगितलं.

“वही आणा,” मामा म्हणाले.