ओल्या वाळूची पट्टी

समुद्रकाठी विमान उतरवण्यापूर्वी वारा, भरती आणि जमिनीवरची खूण पाहावी, असे मला शिकवले होते. चौथी गोष्ट मी काशीदला शिकलो.

पावसाळा सरत आला होता, परंतु मुंबईच्या बोटी अद्याप सुरू झाल्या नव्हत्या. काशीदच्या एका तरुण कोळ्याच्या पायात होडीचा गंजका नांगर घुसला आणि धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. तेथील डॉक्टरांची तार आली. मी औषध घेऊन माझ्या दोन आसनी विमानातून निघालो. त्या दिवशी दशमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते : साडेसात. म्हणजे दीडच्या सुमारास पूर्ण ओहोटी. गणित बिनचूक होते.

वरून पाहतो तो सुरूच्या झाडांलगत पांढरी धोतरे अंथरून पट्टी आखलेली. पाहुणा येणार म्हणून गावकऱ्यांनी तेथील कोरडी वाळू झाडून सारखी केली होती. मात्र पाण्याच्या कडेला एक म्हातारा रुमाल हलवून मला तिकडे बोलावत होता. नियमाप्रमाणे खुणेवरच उतरायला हवे होते. मी आणखी एक फेरी घेतली. तेव्हा झाडलेल्या पट्टीच्या पलीकडे बैलगाडीची चाकोरी दिसली. झाडांजवळ खोल रुतलेली, पाण्याजवळ जेमतेम उमटलेली. मी ओल्या वाळूवर उतरलो. ती फरशीसारखी घट्ट होती.

पाटील धावत आले. "म्हाताऱ्या, साहेबांना बुडवतोस काय?"

"तुज्या झाडलेल्या वालूत परवा गाडी रुतली, तवा चार बैल लागले न्हाय का? इमानाला कुठले बैल लावतोस?"

डॉक्टर औषध घेऊन पळाले. म्हातारा मला म्हणाला, "पोरगा माजा हाय."

"मग आजोबा, तुम्ही घरी जा."

"सुई काय मला टोचता येते? पानी फिरलं की तुमचं इमान कोन धरील?"

पाणी फिरेपर्यंत तो विमानाची शेपटी धरून उभा राहिला. मग चौघांना हाताशी घेऊन त्याने ते वाऱ्याच्या तोंडाला वळवून दिले.

औषधाला उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी पोरगा गेल्याची तार आली.

हिवाळ्यात मी पुन्हा काशीदला गेलो. या वेळी धोतरे पाण्यालगत अंथरलेली होती, आणि पट्टीच्या टोकाला तो म्हातारा एकटा उभा होता.